मॅन बेटाची लोकविद्या : प्रेक्षणीय स्थळे आणि जिवंत लोकाचार

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड ह्या चार देशांच्या किनाऱ्यांनी वेढलेल्या आयरिश समुद्राच्या जवळजवळ मध्यावर मॅन नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर असून २०२१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या सुमारे ८४,००० होती. हे बेट ब्रिटिश राजमुकुटाच्या आधिपत्याखाली असले, तरी युनायटेड किंग्डमचा तो भाग नव्हे. त्याचे विधिमंडळ स्वतंत्र आहे, आणि मँक्स ही त्याची स्वतःची केल्टिक भाषा आहे. बेटाच्या दक्षिणेकडील सखल प्रदेशात वर्षाकाठी साधारणतः ८५० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु मध्यभागी असलेल्या स्नेफेल ह्या ६२१ मीटर उंचीच्या शिखराच्या आसपास हे प्रमाण दुपटीहून अधिक होते. पाऊस नसेल तेव्हा धुके असते, आणि डोंगर आहे की नाही असा संभ्रम पडावा इतके ते दाट असते.

ह्या धुक्याची उपपत्ती बेटवासीयांनी एका कथेने लावली आहे. मॅनॅनन मॅक लिर हा समुद्राचा देव व बेटाचा आद्य राजा होय. शत्रूची गलबते दिसू लागली, की तो आपली धुक्याची शाल बेटावर पांघरी आणि बेट दिसेनासे करी. तटावर उभा असलेला एक माणूस शत्रूला शंभर माणसांसारखा भासावा, अशीही मायावी विद्या त्याला अवगत होती. आजही धुके उतरले, की मॅनॅननने आपली शाल पसरली असे म्हणण्याचा प्रघात आहे.

अशा कथांनी बेटाचा कोपरा न् कोपरा व्यापलेला आहे. प्रवासी बेटावर येतो तो किल्ले, भग्न देवळे, कोरीव शिळा आणि दऱ्या पाहावयास. आणि प्रत्येक स्थळी त्याला एक कथा ऐकविली जाते. ह्या कथा कोणी, केव्हा व कोणासाठी सांगितल्या, आणि ज्या भाषेत त्या प्रथम सांगितल्या गेल्या त्या भाषेचे पुढे काय झाले, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचा विचार करताना बेटावर ‘पाहण्याजोगे’ जे आहे आणि तेथील लोक अजून ‘करतात’ असे जे आहे, त्या दोहोंत भेद करणे अगत्याचे ठरते.

प्रथम बेटाची राजकीय रूपरेषा ध्यानात घेतली पाहिजे. केल्टिक वसाहतीवर नवव्या-दहाव्या शतकांत नॉर्स लोकांचा थर बसला. इ. स. १०७९ मध्ये गॉड्रेड क्रॉव्हनने स्काय हिल येथील लढाई जिंकून आपली सत्ता स्थापिली. १२६६ मध्ये पर्थच्या तहान्वये नॉर्वेच्या राजाने बेट स्कॉटलंडला दिले. पुढे ते इंग्लंडच्या वर्चस्वाखाली आले, आणि पंधराव्या शतकाच्या आरंभापासून स्टॅन्ली घराण्याने व १७३६ नंतर ॲथॉलच्या ड्यूकांनी तेथे जवळजवळ स्वतंत्र अधिपतींप्रमाणे राज्य केले. बेटावरील अल्प जकातीमुळे चोरटा व्यापार फोफावला. त्याला आळा घालण्यासाठी १७६५ मध्ये ब्रिटिश सरकारने ७०,००० पौंड देऊन ड्यूकचे अधिकार विकत घेतले.

नॉर्स आणि केल्टिक, मूर्तिपूजक आणि ख्रिस्ती अशा दोन परंपरा येथे कशा एकत्र नांदल्या, ह्याचा सर्वांत बोलका पुरावा दगडात आहे. बेटाच्या निरनिराळ्या परगण्यांत मिळून सुमारे २०० कोरीव शिळा व क्रूस सापडले आहेत. त्यांचा पद्धतशीर अभ्यास पी. एम. सी. करमोड ह्यांनी १९०७ च्या आपल्या ग्रंथात केला. उत्तरेकडील अँड्रियस येथील चर्चमध्ये ठेवलेल्या थोरवाल्डच्या शिळेच्या एका बाजूस फेनरिर ह्या लांडग्याच्या जबड्यात सापडलेला ओडिन देव आहे. दुसऱ्या बाजूस हातात क्रूस आणि ग्रंथ घेतलेली ख्रिस्ती आकृती आहे. जुन्या देवाचा अंत आणि नव्या धर्माचा उदय एकाच शिळेवर पाठीला पाठ लावून उभे आहेत. शिल्पकाराला जुनी कथा पुसून टाकण्याची गरज भासली नाही. तिचा उपयोग करूनच त्याने नवी कथा सांगितली. मॅन बेटाच्या पुढील लोकविद्येचीही रीत पुष्कळ अंशी हीच राहिली.

पश्चिम किनाऱ्यावरील पील येथील किल्ला सेंट पॅट्रिकच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लहानशा बेटावर उभा आहे. तटाच्या आत सेंट जर्मनच्या कॅथीड्रलचे भग्नावशेष व एक गोल मनोरा आहे. १९८० नंतरच्या दशकात येथे झालेल्या उत्खननात ख्रिस्ती दफनभूमीमध्येच दहाव्या शतकातील एका संपन्न स्त्रीचे दफन आढळले. तिच्या गळ्यातील माळेत ७१ मणी होते. तथापि ह्या किल्ल्याची सर्वदूर ख्याती झाली ती एका काळ्या कुत्र्यामुळे. ‘मॉदी डू’, म्हणजे काळा कुत्रा, हे त्याचे मँक्स नाव. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत हा कुत्रा रोज रात्री पहारेकऱ्यांच्या खोलीत येऊन शेकोटीपाशी पडून राही व पहाटे निघून जाई. त्याच्या धास्तीने किल्लेदाराकडे किल्ल्या पोचविण्यास शिपाई एकट्याने जात नसत. एके रात्री दारूच्या धुंदीत एक शिपाई एकटाच गेला. मोठा आवाज झाला. तो परत आला तो वाचा गमावून, आणि तीन दिवसांनी मरण पावला. त्यानंतर ती वाट बुजविण्यात आली व कुत्रा पुन्हा कोणास दिसला नाही.

ही कथा प्रथम लिहून ठेवली ती जॉर्ज वॉल्ड्रन ह्याने. बेटावरील व्यापारावर नजर ठेवण्यासाठी इंग्लंडहून नेमलेला तो अधिकारी होता. त्याचे बेटाविषयीचे वर्णन त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या समाजाचा चोरटा व्यापार हुडकून काढावयाचा, त्याच समाजाच्या भाबडेपणाच्या कथा हा अधिकारी टिपून घेत होता, ही गोष्ट विसरता येत नाही. त्याच्या वर्णनात कुतूहल आहे, तसाच उपहासही आहे. लोकांनी त्याला काय सांगितले ह्याइतकेच, त्यांनी त्याला काय सांगितले नाही हेही महत्त्वाचे ठरते. कारण रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर व किल्ल्यांच्या वाटांवर जकात-अधिकाऱ्याने फिरू नये, असे वाटणारे लोक बेटावर थोडे नसावेत. पुढे सर वॉल्टर स्कॉट ह्याने वॉल्ड्रनचा आधार घेऊन ‘पेव्हरिल ऑफ द पीक’ (१८२३) ह्या कादंबरीत हा कुत्रा आणला आणि त्याला अधिक विशाल व विक्राळ केले. आज पीलला येणाऱ्या प्रवाशाला दिसणारा कुत्रा अशा रीतीने पहारेकऱ्याच्या तोंडून निघून अधिकाऱ्याच्या लेखणीतून व कादंबरीकाराच्या कल्पनेतून आलेला आहे.

ग्रीबा डोंगराच्या पायथ्याशी सेंट ट्रिनियनचे छप्पर नसलेले चर्च आहे. डोंगरावरील ‘बगेन’ नावाच्या राक्षसाला घंटानाद सहन होत नसे. म्हणून छप्पर पुरे होताच तो ते उडवून लावी. टिमथी नावाच्या एका शिंप्याने चर्चमध्ये बसून, बगेन येण्यापूर्वी एक तुमान शिवून पुरी करण्याची पैज घेतली. अखेरचा टाका घालून तो खिडकीवाटे निसटला, आणि चिडलेल्या बगेनने छप्पर उडवून लाविले. भग्न वास्तूचे कारण सांगणारी ही कथा आहे; परंतु तिच्यातील नायक राजा किंवा संत नसून सुई हातात असलेला एक कारागीर आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. ‘फिनॉडरी’ ह्या केसाळ प्राण्याच्या कथेतही श्रमजीवी माणसाचेच जग दिसते. तो रात्रीतून शेतकऱ्याचे गवत कापून देई, मेंढरे हाकून आणी. परंतु कृतज्ञतेने त्याला कपडे दिले, की मानभंग होऊन तो कायमचा निघून जाई. पावसाळी हवेत गवत वेळेवर कापून कोरडे होणे हा जेथे जीवनमरणाचा प्रश्न असतो, तेथेच अशा साहाय्यकाची कल्पना रुजते.

पावसाचा दुसरा उपयोग लॅक्सी येथे दिसतो. तेथील शिसे व जस्ताच्या खाणीत साचणारे पाणी उपसण्यासाठी १८५४ मध्ये रॉबर्ट केसमेंट ह्याच्या योजनेनुसार एक प्रचंड जलचक्र उभारण्यात आले. त्याचा व्यास सुमारे २२ मीटर आहे. बेटावर दगडी कोळसा नव्हता. पाणी विपुल होते. आसपासच्या डोंगरांवरील ओहोळांचे पाणी साठवून ते चक्राकडे आणले जाई, व त्याच्या बळावर खोल खाणीतील पाणी बाहेर काढले जाई. तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नरच्या पत्नीच्या नावावरून ह्या चक्रास ‘लेडी इझाबेला’ म्हणतात. खाण १९२९ मध्ये बंद पडली. चक्र मात्र प्रेक्षणीय वस्तू म्हणून राहिले. जवळूनच १८९५ मध्ये सुरू झालेली विजेची रेल्वे स्नेफेलच्या माथ्यावर जाते. निरभ्र दिवशी तेथून सात राज्ये दिसतात, अशी लोकोक्ती आहे : मॅन, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, समुद्राचे राज्य आणि स्वर्ग. पाऊस पडत असल्यास ह्यांपैकी एकही दिसत नाही.

१८३० मध्ये बेटाची स्वतःची आगबोट कंपनी स्थापन झाली, आणि लँकेशरमधील गिरणी कामगारांचे सुट्टीतील विश्रांतिस्थान म्हणून बेटाला महत्त्व आले. १९१३ च्या हंगामात सहा लाखांहून अधिक प्रवासी आले. हॉल केन ह्याच्या ‘द डीमस्टर’ (१८८७) व ‘द मँक्समन’ (१८९४) ह्या कादंबऱ्यांनी बेटाविषयीचे औत्सुक्य वाढविले. अशा काळात लोककथेला बाजारमूल्य येते. डग्लसहून कॅसलटाउनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ‘फेअरी ब्रिज’ हे ह्याचे ठळक उदाहरण होय. तेथून जाताना अदृश्य ‘छोट्या माणसांना’ नमस्कार न केल्यास संकट ओढवते, असे प्रवाशांना सांगण्यात येते, आणि ते आवर्जून नमस्कार करतात. खरा पूल हा नसून केवेग जवळचा दुसराच एक जुना पूल होय, असेही काही बेटवासी सांगतात. जुन्या संग्रहांतील कथांत ह्या छोट्या माणसांचा वावर मुख्यतः घरात, चुलीपाशी व दऱ्याखोऱ्यांत असतो. रात्री निजण्यापूर्वी त्यांच्यासाठी स्वच्छ पाणी भरून ठेवण्याची चाल वॉल्ड्रनच्या वेळीही होती. त्यांचे नाव उच्चारणे अशुभ मानून त्यांचा उल्लेख केवळ ‘ते लोक’ असा करीत. घरातल्या पाण्याच्या भांड्यापासून हमरस्त्यावरील पुलापर्यंतचा हा प्रवास म्हणजे यजमानाच्या श्रद्धेचा पाहुण्याच्या करमणुकीपर्यंत झालेला प्रवास होय.

केवळ वृत्तपत्रांच्या बळावर उभी राहिलेली कथाही बेटावर घडली. १९३१ मध्ये पश्चिमेकडील डॉल्बी गावाजवळच्या एका एकाकी शेतघरात भिंतीआड राहून माणसासारखा बोलणारा एक प्राणी असल्याची वार्ता पसरली. त्याचे नाव ‘जेफ’. आपण मुंगूस असून १८५२ मध्ये दिल्ली येथे आपला जन्म झाला, असे तो सांगत असल्याचे प्रसिद्ध झाले. हॅरी प्राइस व आर. एस. लॅम्बर्ट ह्यांनी १९३५ मध्ये तेथे जाऊन चौकशी केली व १९३६ मध्ये तीवर एक ग्रंथ लिहिला. निर्णायक असे काहीच हाती लागले नाही. मराठी वाचकाला ह्यात एक वेगळे कुतूहल वाटेल. इंग्रजीतील ‘मंगूज’ हा शब्द मूळ मराठी ‘मुंगूस’ ह्या शब्दापासून गेलेला आहे. म्हणजे आयरिश समुद्रातील एका बेटाच्या भूतकथेत एक मराठी शब्द साम्राज्याच्या वाटेने येऊन बसला. जेफची कथा पुस्तकांतून अजून वाचली जाते. परंतु तिच्याभोवती कोणताही लोकाचार निर्माण झाला नाही. ते घर आज उभे नाही, आणि बेटाच्या पंचांगात जेफसाठी एकही दिवस नाही.

ज्यांना दिवस आहे, असे आचार मात्र टिकून आहेत. त्यांतील प्रमुख म्हणजे दरवर्षी ५ जुलै रोजी सेंट जॉन्स येथे भरणारी टिनवॉल्डची सभा. हे नाव ‘सभेचे मैदान’ ह्या अर्थाच्या नॉर्स शब्दापासून आले आहे. १९७९ मध्ये ह्या संस्थेचा सहस्राब्दी महोत्सव साजरा झाला. ९७९ ह्या वर्षाला समकालीन लेखाचा आधार नसला, तरी संस्थेची प्राचीनता निर्विवाद आहे. चार पायऱ्यांच्या एका कृत्रिम टेकडीवर अधिकारी बसतात. बेटाच्या १७ परगण्यांतील माती आणून ही टेकडी रचली, अशी परंपरा आहे. वर्षभरात झालेल्या कायद्यांची घोषणा येथे मँक्स आणि इंग्रजी ह्या दोन्ही भाषांत होते, आणि कोणाही माणसाला टेकडीच्या पायथ्याशी येऊन आपले गाऱ्हाणे लेखी सादर करता येते. ‘डीमस्टर’ ह्या न्यायाधीशाच्या शपथेत, हेरिंग माशाचा कणा जसा त्याच्या देहाच्या नेमका मध्यावर असतो तसा समतोल न्याय करण्याचे वचन असते. कोळ्यांच्या बेटाला शोभेल अशीच ही उपमा आहे.

चर्चपासून टेकडीपर्यंतच्या वाटेवर ह्या दिवशी लव्हाळे अंथरतात. एका जुन्या मँक्स पद्यकथेनुसार मॅनॅनन आपल्या प्रजेकडून कर म्हणून घेई ते केवळ हिरव्या लव्हाळ्याचे भारे, आणि तेही उत्तरायणाच्या अखेरीच्या सणाच्या पूर्वसंध्येस. हा सण २४ जूनचा. अठराव्या शतकात दिनदर्शिकेतून ११ दिवस वगळले गेले. बेटाने मात्र जुना दिवस न सोडल्यामुळे तो ५ जुलै ह्या तारखेवर येऊन ठेपला. मॅनॅननवर आता कोणाची श्रद्धा नसेल. परंतु त्याचा कर, नकळत का होईना, अजून भरला जातो.

‘रेन’ पक्ष्याच्या शिकारीचा आचार ह्याहून उद्‌बोधक आहे. २६ डिसेंबर रोजी ह्या चिमुकल्या पक्ष्याची शिकार करून त्याला शृंगारलेल्या काठीवर मिरवीत, आणि त्याचे पीस नावाडी वर्षभर जवळ बाळगीत. त्यामुळे जहाज बुडत नाही, अशी समजूत होती. ह्या आचाराचे कारण म्हणून पुरुषांना भुलवून पाण्यात बुडविणाऱ्या एका मायाविनीची कथा सांगतात : तिने रेन पक्ष्याचे रूप घेऊन पलायन केले, म्हणून त्या पक्ष्याला ही शिक्षा. परंतु वॉल्ड्रनच्या १७३१ च्या ग्रंथात तेही तेगी ह्या मायाविनीची कथा येते, तेथे ती वटवाघूळ होऊन उडून जाते. रेनच्या शिकारीचे वर्णन त्याने स्वतंत्रपणे केले आहे, आणि त्या दोहोंचा संबंध जोडलेला नाही. पक्षिरूपाची कथा जोसेफ ट्रेनच्या १८४५ च्या इतिहासात आढळते. म्हणजे आचार आधीचा असून त्याचे स्पष्टीकरण मागाहून त्याला चिकटले. आज पक्षी मारला जात नाही. पानाफुलांनी सजविलेल्या काठीभोवती लोक रस्त्यात फेर धरून नाचतात, गातात. पक्षी गेला, कारण बदलले, पण फेर राहिला. ३१ ऑक्टोबरच्या ‘हॉप-टू-ने’ ह्या रात्री सलगम कोरून त्यात दिवा लावून मुले दारोदार गाणे म्हणत फिरतात. मोठी माणसे घूस ह्या प्राण्याचे नाव न घेता अजूनही त्याला ‘लांबशेपट्या’ म्हणतात. ह्या गोष्टी प्रवाशाच्या सोयीसाठी केल्या जात नाहीत.

आता भाषेचा प्रश्न उरतो. आणि ह्या सर्व विवेचनाचा कस तेथेच लागतो. मँक्स भाषेत ग्रंथांची वाण नव्हती. बिशप फिलिप्स ह्याने सतराव्या शतकाच्या आरंभी प्रार्थनाग्रंथाचे भाषांतर केले, १७०७ मध्ये पहिले पुस्तक छापले गेले, आणि १७७० नंतरच्या काही वर्षांत संपूर्ण बायबल मँक्समध्ये आले. तरीही भाषा ओसरू लागली. १८७२ च्या कायद्याने शिक्षण सार्वत्रिक झाले, पण शाळेत मँक्सला स्थान मिळाले नाही. हेन्री जेनरने १८७४ मध्ये धर्मोपदेशकांकडे चौकशी करून काढलेला भाषकांचा आकडा १२,००० हून अधिक होता. १९०१ च्या जनगणनेत तो ४,४१९ झाला, १९३१ मध्ये ५२९, आणि १९६१ मध्ये अवघा १६५. इंग्रजीवाचून पोरांचे पोट भरणार नाही, असे आईबापांना वाटले. आणि त्या काळच्या व्यवहारात ते चूकही नव्हते.

भाषा मावळत असतानाच संकलनाला जोर चढला. ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन ऱ्हिस ह्यांनी बेटावर फिरून जमविलेल्या सामग्रीचा ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. ए. डब्ल्यू. मूर ह्यांनी १८९१ मध्ये लोकविद्येवर पुस्तक लिहिले, आणि १८९९ मध्ये स्थापन झालेल्या मँक्स भाषा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. पीलच्या सोफिया मॉरिसन ह्यांचा कथासंग्रह १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. परंतु हे तिन्ही ग्रंथ इंग्रजीत आहेत, हे विसरून चालणार नाही. कथा वाचल्या, ज्या तोंडांनी त्या सांगितल्या ती तोंडे मिटत गेली.

बेटाच्या दक्षिण टोकावरील क्रेगनीश ह्या खेड्यात १९३८ पासून लोकजीवनाचे खुले संग्रहालय आहे. गवताने शाकारलेली घरे, चूल व माग पाहावयास लोक तेथे येतात. त्याच खेड्यात नेड मॅड्रेल हा कोळी लहानपणी आपल्या आजीच्या बहिणीपाशी वाढला. तिच्याशी मँक्समध्येच बोलावे लागे, म्हणून त्याची भाषा शाबूत राहिली. आयर्लंडचे नेते एमन डी व्हॅलेरा १९४७ मध्ये बेटावर आले असता त्याला भेटले, आणि त्यानंतर १९४८ मध्ये आयरिश लोकविद्या आयोगाने केव्हिन डॅनहर ह्यांना पाठवून शेवटच्या भाषकांचे आवाज मुद्रित करून घेतले. त्याच सुमारास काही तरुण सायकलींवरून खेडोपाडी फिरून ह्या वृद्धांपाशी बसत व भाषा शिकत. जन्मभाषा म्हणून मँक्स बोलणारा अखेरचा माणूस समजला जाणारा मॅड्रेल १९७४ च्या डिसेंबरात वारला.

जनगणनेच्या कोष्टकाप्रमाणे येथे प्रकरण संपावयास हवे होते. ते संपले नाही, ह्याचे कारण त्या वृद्धांपाशी बसलेली माणसे. २००१ मध्ये मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली. पुढे ती सेंट जॉन्स येथे, टिनवॉल्डच्या टेकडीच्या परिसरातच, स्थिरावली. २००९ मध्ये युनेस्कोने मँक्स ही मृत भाषा असल्याचे नमूद केले, तेव्हा ह्या शाळेतील मुलांनी युनेस्कोला मँक्समध्ये पत्रे लिहून विचारले, की आमची भाषा मेली असेल, तर ही पत्रे कोणत्या भाषेत आहेत? युनेस्कोला आपली नोंद बदलावी लागली. २०११ च्या जनगणनेत मँक्सचे काही ना काही ज्ञान असल्याचे १,८२३ लोकांनी सांगितले. ही भाषा जुन्या कोळ्यांच्या भाषेशी तंतोतंत जुळत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु रेन पक्ष्याचा आजचा फेरही जुन्या फेरासारखा नाही, आणि म्हणून त्याला कोणी मृत म्हणत नाही.

ह्यावरून लोकविद्येच्या अभ्यासकाला एक गोष्ट हाती लागते. दगड, ग्रंथ आणि ध्वनिमुद्रिका कथेचे रक्षण करतात, आणि त्यांच्यावाचून पुनरुज्जीवनाला आधारच उरला नसता. परंतु रक्षण झालेली कथा जिवंत राहतेच असे नाही. मँक्स बायबल कपाटात होते आणि भाषा दाराबाहेर चालली होती. लव्हाळ्याच्या कराचा अर्थ लोक विसरले होते आणि लव्हाळे वाटेवर पडतच होते. ह्यास्तव पील, सेंट ट्रिनियन, लॅक्सी व क्रेगनीश ही स्थळे पाहून झाल्यावर बेटाचा इतिहास शोधणाऱ्याने आणखी दोन ठिकाणी जाणे श्रेयस्कर : २६ डिसेंबरला एखाद्या गावच्या रस्त्यावर आणि शाळा भरण्याच्या वेळी सेंट जॉन्सला. तेथे पाऊस असेल, बहुधा धुकेही असेल. पण मुलांचे बोलणे ऐकू येण्यास त्याचा अडथळा होत नाही.